फळ्यावर लिंबू

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना चित्रकला शिकवायला श्रीगोंद्यात आलो, तेव्हा स्मरणचित्राला विषय कुठलाही द्या, चित्र एकच यायचं : दोन डोंगर, मध्ये सूर्य, पुढे झोपडी. बाजार दिला तर झोपडीपुढे भाजी मांडलेली. म्हणून ब्रेनस्टॉर्मिंग करून बघायचं ठरवलं. ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्याचे नियम दिलेत. कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, अचाट काही सुचलं तरी बोलायचं, भरपूर सुचवायचं, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. वाचताना फारच सोपं वाटलं.

फळ्यावर ‘लिंबू’ लिहिलं. तालुक्याचं पीकच ते. “सरबत!” पहिल्या बाकावरून आवाज आला. मग लोणचं, मग दारावरची लिंबू-मिरची. आणि पुढे सगळा वर्ग त्या लिंबू-मिरचीलाच लोंबकळला : टपरीची, जीपची, ट्रॅक्टरची. भर घालायचा नियम पोरं इतक्या निष्ठेनं पाळतील असं वाटलं नव्हतं. मागच्या बाकांवरून तर चकार शब्द नाही.

पुढे वाचनात आलं की १९५८ मध्येच येल विद्यापीठात हे तपासून झालंय. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्यांची बेरीज जास्त भरली. (नियम सांगणारे हे का सांगत नाहीत कोण जाणे.)

मग तोंडं बंद, चिठ्ठ्या चालू. नाव घालायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. गोळा करून वाचायला लागलो आणि गोंधळलोच. ‘तोडणीवरून आल्यावर आईच्या हातावरचे ओरखडे.’ ‘भाव पडल्यावर बांधावर ओतलेला ढीग.’ एका चिठ्ठीवर नुसतंच, ‘पाणी तोडलेली बाग’.

हे काय, म्हणून विचारलं, तर मागच्या बाकावरचा एक जण उठला. एरवी हजेरीपुरता बोलणारा. “सर, हस्त बहार धरायचा तर बागेला ताण देत्यात. पाणी बंद. पानं सुकत्यात, गळत्यात. मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरतं. उन्हाळ्यात माल निघतो, तवा भाव असतो.”

मी शहरातला. झाड मुद्दाम तहानलेलं ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं.

“मग काढ की,” म्हटलं. त्यानं कागद पुढे ओढला, पेन्सिल धरली आणि थांबला.

“सर, झाड वाळलेलं नाय, तहानलंय, हे कसं दाखवायचं?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “चिठ्ठ्या घ्या.”