तेरची गोल भिंत

तेर धाराशिव जिल्ह्यात असले तरी लातूरहून मुरूड, ढोकी करत सकाळीच गाठता येते. वारकऱ्यांचे हे गोरोबाकाकांचे गाव, इतिहासाच्या विद्यार्थ्याचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई, तिथून जहाजाने पश्चिमेकडे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले होते. तेरमध्ये हे एकच दालन पाहून परतावे लागले तरी दिवस सार्थकी लागतो.

खरे थांबावे ते मात्र त्रिविक्रम मंदिरापाशी. मंदिर विटांचे, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे, मागची भिंत अर्धगोल. मूळ वास्तू बौद्ध चैत्य असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढचा सपाट मंडप नंतरचा. आत आता बळीच्या कथेतला, पाय उचललेला त्रिविक्रम आहे. आंध्रातले चेझर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर याच घडणीचे. विटांत टिकलेली अशी देवळे देशात फार थोडी.

रोममधली जुनी चर्चेही आराखड्यात अशीच दिसतात. रोमनांच्या बॅसिलिका म्हणजे न्यायदानाचे आणि व्यवहाराचे दिवाणखाने. टोकाच्या अर्धगोल कोनाड्यात न्यायाधीश बसे. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी हीच रचना उचलली आणि त्या कोनाड्यापाशी वेदी मांडली. पाचव्या शतकातले सांता सबिना चर्च आजही तसे उभे आहे. मधे लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी गोलाई. कार्ल्याचे लेणे पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटेल. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने कार्ल्याच्या चैत्याशेजारी इंग्लंडमधले नॉर्विच कॅथेड्रल तुलनेला ठेवले होते. पण हे साम्य उसनवारीचे नव्हे. चैत्याची गोलाई लाकूड वाकवून बांधलेल्या छपरातून आणि स्तूपाच्या प्रदक्षिणेतून आली. सांता सबिनात भाविकाचे पाऊल वेदीसमोर थांबते. चैत्यात ते स्तूपाच्या मागून फिरून पुन्हा दाराशी येते. दोन्हीकडची भिंत गोल, तिच्याजवळचे माणसाचे चालणे मात्र निराळे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकातले नकाशे शेजारी छापले की नेमका हाच फरक नजरेतून सुटतो.

दुपारी औसा तालुक्यातली खरोसा लेणी घ्यावीत. ती साधारण सहाव्या शतकातली. दगड जांभा, म्हणून कोरीव काम पुष्कळ झिजलेले. तरी रामायण-महाभारताचे पट ओळखू येतात. पुढे निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर तीन गाभाऱ्यांचे असून त्यातली हरगौरीची मूर्ती फार सुरेख आहे. लातुरात परतल्यावर सिद्धेश्वराचे दर्शन घ्यावे. राष्ट्रकूट राजे ज्या ‘लट्टलूर’ नगरीचे स्वामी म्हणवून घेत, ती हीच.

नांदेडकरांना तेर लांब पडते. त्यांनी देगलूर तालुक्यातल्या होट्टलपासून सुरुवात करावी. तिथल्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतींवरच्या सुरसुंदरी घाईत पाहण्याजोग्या नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा.