कुंकळ्ळीचे सगळेच मृत

श्रद्धेसाठी मरावं का, हा प्रश्न जिवंत माणसंच विचारतात. ज्यांनी त्याचं उत्तर देहाने दिलं, त्यांना पुन्हा काही विचारता येत नाही. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या मातीत अशी उत्तरं दोन्ही बाजूंनी पुरलेली आहेत, आणि ती एकमेकांशी अजून बोललेली नाहीत.

1567 साली पोर्तुगीजांनी साष्टीतली शेकडो देवळं पाडली. कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे, वेळी, आंबेली ही गावं मात्र वाकेनात. पाडलेली देवळं पुन्हा उभी राहत, सारा थकवला जाई, आणि मग सैन्य येऊन पुन्हा आग लावी. गावाची देवी शांतादुर्गा पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्प्याला नेली गेली. देवी हलते तेव्हा एकटी मूर्ती हलत नाही. देवीच्या नावाने पेरलेली शेतं, तिच्या कौलाने ठरलेली लग्नं, तिच्यापुढे मिटलेले तंटे, सगळं उघडं पडतं. कुंकळ्ळीचे गावकर लढले ते या सगळ्यासाठी. परलोकाचा विचार त्यांच्या मनात असेलही, पण पायाखाली जमीन होती आणि तीच जात होती.

जुलै 1583 मध्ये पाच जेझुइट गावात आले. चर्चसाठी जागा पाहायची होती, क्रूस रोवायचा होता. त्यांचे प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा तेव्हा जेमतेम बत्तिशीचे, इटलीतल्या एका सरदार घराण्याचे पुत्र. नुकतेच ते फत्तेपूर सिक्रीहून परतले होते. अकबराच्या दरबारात मुल्लामौलवींशी त्यांनी रात्र रात्र वाद घातला होता. तिथे एकदा प्रस्ताव निघाला, की दोन्ही धर्मांच्या लोकांनी आपापला ग्रंथ हाती घेऊन आगीत उतरावं आणि जो वाचेल त्याचा धर्म खरा मानावा. पाद्र्यांनी तो नाकारला. देवाची अशी परीक्षा पाहणं त्यांना पाप वाटलं. मला तो नकार आक्वाविवांच्या पुढच्या मरणाहून मोठा वाटतो. कोण जळलं आणि कोण वाचलं, यावरून सत्य ठरत नाही, हे त्या तरुणाला कळलेलं होतं.

कुंकळ्ळीत मात्र विचारणारं कुणी नव्हतं. जमाव शस्त्रं घेऊन चालून आला. पाद्र्यांबरोबरच्या एका पोर्तुगिजाने बंदूक उचलली, तेव्हा पाचांतल्याच फादर पाशेकूंनी त्याला अडवलं, असं चर्चच्या नोंदी सांगतात. निःशस्त्र माणसं कापली गेली. त्यांच्यातल्या काहींनी आधीच्या मोहिमेत देवळं पाडायला हात लावला होता, हेही तितकंच खरं. त्यांचं धैर्य मी नाकारत नाही आणि गावाचा संताप खोटा होता असंही म्हणत नाही.

मग पोर्तुगीजांचा सूड आला. बोलणी करायची म्हणून गावच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं. ना चौकशी, ना निवाडा. ते आत गेले आणि मारले गेले. एकजण साळ नदीत उडी टाकून निसटला, असं गाव सांगतो. पाच जेझुइटांना पोपनी 1893 साली धन्य घोषित केलं. गावकरांचं स्मारक उभं राहायला विसावं शतक उलटावं लागलं. मारले गेले दोघेही, पण एका बाजूच्या पाठीशी साम्राज्य होतं. हा फरक पुसून शोक करता येत नाही.

मी शोक करतो तो मात्र सर्वांत जास्त दोन पोरांचा. एक कुंकळ्ळीचाच, दोमिंगो. रायतूरला शिकत होता आणि देवळं कुठे आहेत ते पाद्र्यांना दाखवत असे. त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारलं, असं चर्चची परंपरा सांगते. दुसरा अफोन्सो, फादर पाशेकूंचा सेवक मुलगा. त्याच्या हाती त्यांची प्रार्थनेची पोथी होती. सोडेना, म्हणून हात तोडले. पळू नये म्हणून गुडघे छेदले. तो रात्रभर तसाच पडून होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला संपवलं. धन्य ठरलेल्या पाचांत या दोघांची नावं नाहीत. गावकरांच्या स्मारकावर ती असण्याचा प्रश्नच नाही. घरातल्यांनी त्यांना परका मानलं, आणि ज्यांच्यासाठी ते परके झाले त्यांनीही मानाच्या पंगतीत बसवलं नाही. दोमिंगोच्या काकाने त्या रात्री घरी जाऊन भावजयीला काय सांगितलं असेल?

आणि शोक करावा तो मागे उरलेल्यांसाठीही. काहीजण देवीमागून फातर्प्याला गेले. काहींनी डोक्यावर पाणी घेतलं आणि नवं नाव घेऊन आपल्याच शेतात राबत राहिले. त्यांना भित्रे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या लेकरांकडे पाहावं. शिगम्याच्या दिवसांत देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरांच्या बारा कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या गुलालातून नाचत येतात, आणि त्या वाटेवर त्याच वांगडांतले ख्रिस्ती गावकरही असतात. हे नातं टिकवलं ते तगून राहिलेल्यांनी. मेलेल्यांनी गावाला अभिमान दिला, पण देवीला परतायला गाव उरला तो या वाकलेल्या माणसांमुळे.

म्हणून माझं उत्तर असं आहे. श्रद्धा प्राणाहून मोठी असू शकते, पण ती तशी आहे हे ठरवायचा हक्क ज्याचा प्राण जाणार त्याचाच. राज्याचा नाही, धर्मपीठाचा नाही, जमावाचा नाही, काकाचाही नाही. जी श्रद्धा पोराचे हात मागते तिच्यासाठी कुणीही मरू नये, आणि तिच्यासाठी मारणाऱ्याला हुतात्म्यांच्या सावलीत उभं राहू देऊ नये.