हॉबी नावाचा घोडा

बायोडेटाच्या शेवटी ‘हॉबीज’ असा एक रकाना असतो. आपण त्यात वाचन, ट्रेकिंग असं काहीबाही भरतो. या शब्दात एक घोडा दडलाय, हे मला फार उशिरा कळलं.

मध्ययुगीन इंग्रजीत हॉबी म्हणजे लहान चणीचं तट्टू. पुढे काठीला घोड्याचं मुंडकं लावलेलं खेळणं ‘हॉबी-हॉर्स’ झालं. काठी दोन पायांत धरायची आणि सुटायचं. धावतं पोरगंच, पण नाव घोड्याचं.

खेळ त्या नावापेक्षा कितीतरी जुना. स्पार्टाचा राजा अजेसिलॉस घरी मुलांबरोबर काठीचा घोडा करून खेळायचा, असं प्लुटार्क लिहितो. एकदा मित्रानं पाहिलं, तर राजा म्हणाला, तू स्वतः बाप होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस! ब्रॉयगेलच्या १५६० सालच्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रातही असा एक स्वार आहे.

या घोड्यावर स्वार दमतो, पण कुठे पोचत नाही. म्हणून असेल, मोठ्या माणसांच्या आवडत्या वेडालाही इंग्रजीत हॉबी-हॉर्स म्हणू लागले. नंतर ‘हॉर्स’ गळाला, ‘हॉबी’ उरली. जर्मनमधल्या ‘श्टेकनफेर्ड’चे तर आजही दोन्ही अर्थ आहेत: काठीचा घोडा आणि छंद. गंमत म्हणजे कार्ल फॉन ड्राइसनं १८१७ साली पायांनी ढकलायची दुचाकी बनवली, तेव्हा इंग्लंडमध्ये तिलाही हॉबी-हॉर्स म्हणत. ती खरंच पुढे गेली आणि तिची सायकल झाली. जो कुठे जात नाही, त्याच्याकडेच हे नाव राहिलं.

अठराव्या शतकातल्या लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीत युद्धात जखमी झालेले अंकल टोबी आहेत. ते घरी येऊन हिरवळीवर किल्ल्यांच्या छोट्या प्रतिकृती उभारत बसतात. स्टर्न याला त्यांचा हॉबी-हॉर्स म्हणतो. मला ते लगेच आपले वाटले, कारण दिवाळीत मी अजून बाल्कनीत मातीचा किल्ला करते. “घरात लहान मूल नाही, मग कुणासाठी?” असं शेजारच्या काकू विचारतात. ऑफिसातले म्हणतात, “एवढं करतेस तर चॅनल काढ की!” दोघांनाही घोडा कुठेतरी पोचायला हवा असतो.

फिनलंडमध्ये आज किशोरवयीन मुली काठीच्या घोड्यांवरून अडथळ्यांच्या शर्यती खेळतात. त्यांच्यावर २०१७ साली एक माहितीपट आला. चिडवतील म्हणून काही जणी हा नाद आधी लपवून ठेवायच्या. अजेसिलॉससारख्याच. आता प्रेक्षकांसमोर त्या स्वतःच्या पायांवर दांड्या ओलांडतात. घोडा खोटा, उडी खरी.

यंदा बुरुज ढासळला, तर मी तो पुन्हा लिंपेन. कुणासाठी, ते ठरवलेलं नाही.