सहा फुटांची वाट



आमच्या वसाहतीपासून बसचा थांबा फार लांब नाही. मोजून साडेतीनशे पावले. पण या साडेतीनशे पावलांनी गेल्या काही वर्षांत आमच्या घराला जे शिकविले, ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले. पुण्यात काय आणि मुंबई-नागपुरात काय, आपली बहुतेक माणसे अशाच कुठल्यातरी थांब्यावरून रोज कामाला जातात.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सासूबाई सकाळी साडेसहाच्या बससाठी निघाल्या होत्या. वय चौसष्ट, पण दोन घरची पोळ्यांची कामे त्यांनी सोडलेली नव्हती. थांब्याच्या अलीकडे कोणीतरी फूटपाथ खोदून फरशा तशाच टाकून ठेवल्या होत्या. वरून चालता येईना म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. घाईघाईने परत वर चढताना फरशी कलली आणि त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, चार महिने अंथरुणात गेले, दोन्ही कामे सुटली. आज त्या काठी टेकत विहारात येतात, पण एकट्या बसने पुन्हा कधी गेल्या नाहीत.

पडल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं." शेजारीही तेच म्हणाले आणि खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हणालो. पडणाऱ्याने स्वतःलाच दोष द्यायचा, ही आपली जुनी सवय. रस्त्याला जाब कोणी विचारत नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या धाकट्या मुलीला एका मोटारीने थांब्याजवळ कडेला दाबले. ती कॉलेजला सायकलने जायची, चार किलोमीटर. पोरगी वाचली, सायकलचे चाक वाकले. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितले, "सायकल विकून टाका." तेव्हापासून रिक्षाला रोज पैसे मोजणे आले. तिचे आजोबा, आमचे कालकथित सासरे, याच शहरात तीस वर्षे सायकलने खडकीच्या कारखान्यात गेले. तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. सायकलचा कर भरून बिल्ला लावावा लागे. तो बिल्ला अजून आमच्या ट्रंकेत आहे. मुलीने तो हातात घेतला आणि विचारले, "आजोबांनी सायकलचा कर भरला होता ना? मग सायकलची वाट कुठं आहे?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही तो प्रश्न महिला मंडळात मांडला. विहारात येणारे एक निवृत्त गुरुजी तिथे होते. ते म्हणाले, "उत्तर आहे, पण ते कागदावर आहे. ते रस्त्यावर आपल्यालाच आणावं लागेल."

गुरुजींनी समजावून दिले ते असे. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आणले. वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविणे महत्त्वाचे, हे त्यात मान्य केले आणि पायवाटा व सायकल मार्गांना प्राधान्य देण्याचे ठरविले. त्याच सुमारास पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी मार्ग झाला. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून त्याला पैसा मिळाला आणि त्याच्या कडेने फूटपाथ व सायकल मार्गही धरलेले होते. म्हणजे मनात आणले तर पैसा उभा राहतो. आणि तो पैसा काही परक्याचा नसतो. घरपट्टीच्या बिलात पथकर असतो. भाडेकरूच्या भाड्यातूनही घरमालकाची घरपट्टी निघते. मोटार नसलेला माणूसही रस्त्याचे पैसे भरतो, मात्र त्याच्या वाट्याला रस्त्याची उरलेली कड येते.

त्या कडेला काय घडते, ते आकडेच सांगतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. हे सरकारी आकडे आहेत. आमच्या सासूबाईंसारखे नुसते पडून जायबंदी झालेले लोक या मृतांच्या हिशेबात कुठून येणार?

गुरुजींनी आणखी एक वाट दाखविली. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घ्यायला सुरुवात केली. आपल्या भागातले लहानसे काम नागरिकाने अर्जावर लिहून द्यायचे. पाच लाखांच्या आतले फूटपाथ, दिवे, बसथांबा असे काम त्यात सुचविता येते. इतकी वर्षे ही सोय होती आणि आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने अर्ज लिहिला, पण मुदत टळून गेली होती. चूक आमचीच.

दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, आधीपासून तयारी केली. नुसते "फूटपाथ खराब आहे" असे लिहून भागत नाही, माप लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीप्रमाणे फूटपाथवर मोकळी चालण्याची जागा निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट हवी आणि काठाची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. मंडळातल्या एक ताई शिवणकाम करतात. त्यांची टेप घेऊन आम्ही पाचजणी निघालो. शिलाईची टेप दीड मीटरची. एवढ्याने कसे भागेल, अशी चिंता होती. पण तिथे टेप कमी पडलीच नाही. टेप संपायच्या आत फूटपाथच संपत होता! एके ठिकाणी विजेचा खांब आणि भिंत यांमध्ये दोन फूटही जागा नव्हती. काठ दहा इंच उंच. गुडघे दुखणाऱ्या बाईने तो कसा चढावा?

मोजताना आणखी काही दिसले आणि ते लिहायला जरा जड जाते. फूटपाथवर उभ्या सात मोटारसायकलींपैकी पाच आपल्याच वसाहतीतल्या पोरांच्या होत्या. फरशांतले दोन खड्डे आपल्याच जयंतीच्या मांडवाच्या बांबूंचे होते. दुसऱ्याकडे बोट दाखवायला निघालो आणि बोट आपल्याकडेच वळले. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलणे झाले. आधी थोडी कुरबूर झाली. पण २०२४ पासून मांडव आतल्या मोकळ्या जागेत पडतो आणि मोटारसायकली गल्लीत लागतात. सगळ्याच नाही, पण बऱ्याचशा.

राहिली भाजीवाली मावशी. तिने आमचा हात धरला, "पोरींनो, फूटपाथ कराल आणि मला उठवाल." तिची भीती खोटी नव्हती. आमची चालण्याची वाट तिच्या पोटावरून जाणार असेल, तर ती वाट आम्हाला नको. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्या उपजीविकेलाही संरक्षण दिले आहे. म्हणून अर्जाच्या नकाशात आम्ही सहा फूट चालण्यासाठी मोकळे दाखविले आणि वळणापाशी, जिथे जागा रुंद आहे, तिथे मावशीची टोपली दाखविली.

अर्ज मंजूर झाला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात थांब्यापर्यंतचा एक तुकडा दुरुस्त झाला. काठ उतरता झाला, फरशा बसल्या, एक दिवा लागला. खांब मात्र अजून तिथेच आहे. सायकलची वाटही झालेली नाही, कारण ती अशा लहान रकमेत बसत नाही. तिच्यासाठी मुख्य अंदाजपत्रकात तरतूद लागते आणि ती मागायला साऱ्या भागाने एकत्र यावे लागते. त्यासाठी आता आम्ही शेजारच्या तीन वसाहतींत सह्या गोळा करीत आहोत. सह्यांच्या कागदावर पहिली सही आमच्या मुलीची आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अडथळ्यावाचून फूटपाथवर चालता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वाचून आनंद झाला. पण आपल्याला कलम १५ ही आठवायला हवे. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या वापरापासून धर्म, जात, लिंग यांसारख्या कारणांवरून कोणाला अडविता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. पाण्यासाठी १९२७ साली महाडला काय करावे लागले, ते आपल्या घराघरांत सांगितले जाते. त्या कलमात पाण्याच्या शेजारीच रस्ता लिहिलेला आहे. आज आपल्याला रस्त्यावर जात विचारून कोणी अडवीत नसेल, पण सारा रस्ता मोटारीला देऊन पायी चालणाऱ्याला गटाराच्या काठावर ढकलणे, हेही एक प्रकारचे अडविणेच नाही का?

मागच्या महिन्यात सासूबाई दुपारी काठी घेऊन निघाल्या. "कुठे?" विचारले, तर म्हणाल्या, "बघून येते." आम्ही थोडे अंतर राखून मागे गेलो. उतरत्या काठावरून त्या चढल्या, मावशीशी दोन शब्द बोलल्या, थांब्याच्या बाकावर बसल्या. बस आली. त्या चढल्या नाहीत. बस गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाईन."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरापासून थांब्यापर्यंतची वाट एकदा टेप घेऊन मोजा. आणि अर्जाची मुदत चुकवू नका.

जयभीम.