नाणेघाटातील मासोपवासिनी

आमचे गाव मंचर, तालुका आंबेगाव. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली. त्या पाण्यावर खालची शिवारे पिकली आणि आमच्यासारख्या भुसार व्यापाऱ्यांच्या वखारी भरल्या. ज्यांची घरे आणि शेते पाण्यात गेली त्यांची आठवण तालुक्याच्या नावापुरती उरली. एकाच्या समृद्धीसाठी दुसऱ्याने केलेला त्याग आणि माणसाने आपणहून केलेला त्याग यांत अंतर आहे, हे आम्हाला समजत होते. पण त्याचा नीट विचार झाला तो यंदा, नाणेघाटाच्या वाटेवर.

निमित्त आईच्या मासखमणाचे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिने तीस उपवास केले. केवळ उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. आम्हा मुलांच्या जिवाला घोर होता. ती मात्र रोज स्थानकात प्रवचनाला जाई. पारण्याला सारे गोत लोटले, तपाची अनुमोदना झाली. पुढे महिनाभराने तिच्या अंगात बळ आल्यावर मी म्हणालो, "आई, दोन हजार वर्षांपूर्वी तुझ्यासारखे तप करणारी एक राणी शेजारच्या तालुक्यात आपले नाव कोरून गेली आहे. तिला भेटून येऊ." आई हसली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे सामायिक आटोपून तयार होती. माझी पत्नी आणि सहावीतला मुलगाही बरोबर निघाले.

नारायणगाववरून जुन्नर गाठले. डावीकडे शिवनेरी मागे टाकून माणिकडोहच्या जलाशयाकडेने, चावंडच्या पायथ्यावरून रस्ता घाटघरकडे जातो. आश्विनातले दिवस, पावसाने धुतलेली पठारे सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरली होती. समोर जीवधनचा कडा आणि शेजारी नानाचा अंगठा. त्यांच्या कुशीतून फरसबंदी वाट कोकणात उतरते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे परंपरा सांगते. मुलाने त्यात डोकावून पाहिले आणि पावसाचे पाणी पाहून तो काहीसा हिरमुसला.

माथ्यावरून थोडे खाली उतरले की लेणे लागते. हे लेणे भिक्षूंच्या निवासासाठी नव्हे. ते सातवाहन राजघराण्याचे स्मारक आहे. मागच्या भिंतीवर राजा सिमुक, राणी नागनिका, तिचा पती सातकर्णी आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज केवळ पावलांच्या खुणा आणि वरची नावे उरली आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. हा लेख नागनिकेचा असल्याचे मानतात आणि तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला समजतात.

मी घरून आणलेले टिपण काढून वाचू लागलो. आरंभी वंदन आहे: धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर व वासव या चार लोकपालांना. मग केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी येते. एका ठिकाणी १०,००१ गायी, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, कुठे हत्ती, कुठे चांदीच्या अलंकारांनी सजवलेला घोडा. हिशेबाच्या वहीसारखा हा लेख आहे. भारतातील अंकांच्या जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते, हे ऐकून आमच्या दुकानात वाढलेल्या मुलाचे कान टवकारले.

याच लेखात राणीचे वर्णन येते: महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निपुण. मूळ प्राकृतातले शब्द आहेत 'मासोपवासिनी' आणि 'गहतापसी'. मी ते दोनदा वाचले. आईने भिंतीजवळ जाऊन हात जोडले. "घरात राहून तापसी," ती पुटपुटली, "संसार सांभाळून तप करणे किती अवघड, ते हिला ठाऊक होते."

मी पुढे वाचले. राजाने दुसऱ्यांदा अश्वमेध केल्याचा उल्लेख या लेखात आहे. मुलाने विचारले, "अश्वमेधातल्या घोड्याचं काय झालं?"

कोणी बोलेना. अश्वमेधाच्या अखेरीस त्या घोड्याचा बळी देत असत. दक्षिणेत दिलेली गाय आणि नाणे यांची मोजदाद भिंतीवर आहे. ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. आईने जोडलेले हात खाली आले होते. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांनी या राणीपुढे नमावे की नाही? मला उत्तर सुचेना. आई बाहेर पायरीवर बसली आणि तिने नातवाला जवळ घेतले.

"हरिकेशी मुनींची गोष्ट आठवते?" तिने विचारले. उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनातली ही कथा आमच्या घरी चातुर्मासात नेहमी होते. चांडाळ कुळात जन्मलेले हरिकेशी मुनी मासखमणाच्या पारण्यासाठी गोचरीला निघाले आणि एका यज्ञमंडपाशी आले. तिथल्या लोकांनी त्यांची हेटाळणी केली, तरुणांनी त्यांना मारले. राजकन्या भद्रेने मुनींची योग्यता ओळखून त्या तरुणांना आवरण्याचा प्रयत्न केला. मुनींच्या भक्त यक्षाने त्यांना शासन केले. मग यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणाने क्षमा मागितली. मुनी म्हणाले, माझ्या मनात पूर्वीही द्वेष नव्हता, आताही नाही. आणि महिनाभराच्या उपवासाचे पारणे त्यांनी त्याच मंडपातले अन्न स्वीकारून केले. त्यानंतर त्यांनी खरा यज्ञ कोणता ते सांगितले: त्यात तप हा अग्नी, जीव हे अग्निकुंड आणि कर्म हे इंधन.

"मुनींनी त्यांचा यज्ञ बरोबर म्हटला नाही," आई म्हणाली, "पण त्यांची भिक्षाही नाकारली नाही. या राणीचा यज्ञ मला मान्य नाही. घोडा दुसऱ्याचा जीव. तो देण्याचा अधिकार तिला नव्हता. पण उपवास तिने स्वतःच्या देहाने केले. त्या उपवासांना मी हात जोडले."

लेण्याच्या परिसरात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतले एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचे तिथला छोटा लेख सांगतो. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. सोपारा म्हणजे आजच्या वसईजवळचे नालासोपारा. त्याच सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी फिरत. आपण धर्मयात्रा सुरू केली, ब्राह्मण आणि श्रमण यांचे दर्शन घेऊन त्यांना दान देऊ लागलो, असे अशोक त्या लेखात सांगतो. त्याच लेखमालेतला पहिला लेख यज्ञातील पशुबळी निषिद्ध ठरवतो. आपल्या स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि क्वचित एक हरीण मारले जाते, हेही तो तिथे प्रामाणिकपणे कबूल करतो. बाराव्या लेखाचा आशय असा की, जो आपल्या संप्रदायाच्या अभिमानाने दुसऱ्याची निंदा करतो तो आपल्याच संप्रदायाची हानी करतो. अशोकानंतर याच वाटेवर पुन्हा अश्वमेधाची नोंद व्हावी, यावरून राजाज्ञेची मर्यादा कळते. आज्ञा दगडावर कोरता येते. करुणा प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते.

याच काळातला आपला राजा म्हणजे कलिंगाचा खारवेल. भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफेतील त्याचा लेख अर्हंत आणि सिद्ध यांच्या वंदनाने सुरू होतो. सातकर्णीची पर्वा न करता आपण पश्चिमेकडे सैन्य पाठवले, असे तो सांगतो. हा सातकर्णी म्हणजे नागनिकेचा पती, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे नागनिकेच्या घराण्याला आव्हान देणारा राजा जैन होता. तोच खारवेल स्वतःला सर्व पंथांचा पूजक आणि सर्व देवालयांचा जीर्णोद्धार करणारा म्हणवतो. रणांगण त्यानेही सोडले नाही, हे विसरता येत नाही. पण शत्रूच्या देवाशी त्याचे वैर नव्हते.

परतीच्या वाटेवर जुन्नरला थांबलो. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, बहुतेक बौद्ध. त्यांतले लेख वाचताना व्यापाऱ्याचे मन रमते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरण्यकाच्या, म्हणजे सोनाराच्या, मुलाने दिले; त्याचे नाव सुलसदत्त. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजातून धर्मकार्य चालवण्याची सोय केल्याचाही लेख आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडी डोंगरावर क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याने वर्ष ४६ मध्ये मंडप आणि पोढी दिली. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. अयमाची पोढी मात्र कोणी बुजवली नाही.

त्याच मानमोडीवरील अंबिका लेणीसमूहात पुढच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. नेमिनाथ भगवानांची यक्षिणी अंबिका हिच्यावरून त्या समूहाला नाव मिळाले. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे. आणि याच पुणे जिल्ह्यात, मावळातील पाले येथे, 'नमो अरहंतानं' या शब्दांनी सुरू होणारा प्राचीन लेख आहे. अभ्यासक तो जैन लेख मानतात. आपल्या नवकार मंत्राचे पहिले पद तिथे दगडावर आहे आणि त्याखाली दानाची नोंद: एक लेणे आणि एक पोढी. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी शेवटी पाणीच दिलं." घाट चढून आलेला बैल आणि बैलवाला पाणी पिताना कोणत्या पंथाचे होते, हे त्या टाक्यांनी विचारले नसेल. आमच्या दुकानासमोर आजोबांनी पाणपोई बांधली होती. धान्य व्यापाऱ्यांची ती श्रेणी मला त्या क्षणी आमच्या पेठेतलीच वाटली.

नागनिकेनंतर काही पिढ्यांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, त्याच घराण्यातील गौतमी बलश्री या राजमातेने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्षूंना लेणे दिले. ती आपल्या पुत्राला अद्वितीय ब्राह्मण म्हणवते आणि तरीही दान भिक्षूंना देते. तिच्या वर्णनात सत्य, दान, क्षमा, तप, नियम आणि उपवास येतात. आणि त्यांच्या जोडीला एक शब्द येतो, जो नागनिकेच्या वर्णनात नाही: अहिंसा. श्रमणांच्या शेजारात राहून हा शब्द राजवाड्यात पोहोचला असावा, असे मला वाटते. कोणी कोणावर लादला नव्हता. एकाच वाटेवर चालता चालता, एकाच पोढीचे पाणी पिता पिता तो पोहोचला असेल.

सूर्यास्तापूर्वी आईने पाणी घेतले आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. मंचरला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आई प्रतिक्रमणाला बसली. एरवी टाळाटाळ करणारा मुलगा त्या दिवशी तिच्याशेजारी आसन टाकून बसला. सर्व जीवांना क्षमा करण्याचा आणि सर्व जीवांची क्षमा मागण्याचा पाठ झाला. तो उठताना हळूच म्हणाला, "आजी, सर्व जीवांत तो घोडा येतो का?"

"येतो," आई म्हणाली.

"आणि राणी?"

आईने क्षणभर विचार केला. "तीही येते," ती म्हणाली, आणि तिने आपले आसन घडी करून ठेवले.