शुभेच्छा देण्याआधी

वालावलला दवाखाना चालवताना २५ डिसेंबर ते १४ जानेवारी या एकवीस दिवसांत माझ्या तोंडी तीन शुभेच्छा असतात. ख्रिस्ती रुग्णांना 'हॅपी ख्रिसमस', मग सरसकट सगळ्यांना 'हॅपी न्यू इयर' आणि संक्रांतीला 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. मधुमेहींना त्यातलं फक्त 'गोड बोला', कारण गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

एका संक्रांतीला लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकडचे एक काका रक्तदाब तपासायला आले. मी सवयीने तिळगूळ पुढे केला. ते हळूच म्हणाले, "औंदा आमका सण नाय, डॉक्टर." दिवाळीनंतर काकी गेल्या होत्या. मला ते ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. रक्तदाब १७०/१०० भरला. मग कळलं, गोळ्यांची आठवण काकीच करायच्या. त्या गेल्यापासून गोळ्या बंदच होत्या.

जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा धोका वाढतो. दुःखाने झोप उडते, ताणाची संप्रेरकं वाढतात, जेवणाची आणि औषधांची वेळ चुकते. सणाच्या दिवसांत एकटेपण जास्तच जाणवतं.

तेव्हापासून मी आधी विचारतो, "घरी सगळे कसे आहेत?" उत्तर ऐकून मगच शुभेच्छा ठरवतो. तुमच्या शेजारी यंदा सण नसलेलं घर असेल, तर शुभेच्छांऐवजी एवढंच विचारा: "जेवलात? गोळी घेतलीत?"