माघातली पेरणी

रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटतात, मातीच्या बोळक्यातलं दूध उतू जातं आणि त्याच सुमारास पुण्यातल्या गच्च्यांवर एक प्रश्न फिरू लागतो : भेंडी टाकली का? सकाळी अजून शाल लागते, दुपारी मात्र फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. अशा या दुटप्पी हवेत उन्हाळी भाज्यांचं बी मातीत जायचं असतं. हिवाळ्यातला पालक अजून एकदा कापायचा राहिलेला, टोमॅटोला शेवटचे घोस लागलेले, मटाराचे वेल बुडापासून पिवळे पडू लागलेले आणि कुंड्या तर तेवढ्याच. काय उपटायचं, काय राखायचं, कुठलं बी कधी टोकायचं, याबद्दल जिना चढताउतरताना, भाजीच्या गाडीपाशी, सकाळच्या फिरण्यात जे बोलणं चालतं ते मला फार प्रिय आहे. इतक्या नेमकेपणानं आणि इतक्या मोकळ्या मनानं माणसं शहरात दुसऱ्या कशाविषयी बोलत असतील असं मला वाटत नाही.

नव्यानं बाग करणाऱ्यांची एक तक्रार असते की, सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्या तळमजल्यावरच्या आजी बजावतात, "होळी पेटेपर्यंत भेंडीला हात लावू नकोस गं." समोरच्या इमारतीतले काका संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत बी टाकून मोकळे होतात. दोघांच्याही भेंड्या येतात, आणि चांगल्या येतात. आजींचा वाफा आंब्याच्या सावलीत आहे, तिथली माती फेब्रुवारीत दुपारीसुद्धा हाताला गार लागते. काकांची गच्ची पश्चिमेला उघडी, स्लॅब दिवसभर तापतो आणि कुंड्यांना रात्रीही खालून ऊब देत राहतो. भेंडीच्या बियाला ही ऊबच हवी असते. माती वीस अंशांच्या आसपास रेंगाळत असली की बी फुगून बसून राहतं, पुष्कळदा कुजतं. पंचविसाच्या पुढे गेली की चार-पाच दिवसांत वाकलेली मान वर काढतं. म्हणून कुणी मला "कधी लावू?" असं विचारलं की मी आधी विचारते, "तुमच्याकडे ऊन कुठून येतं, आणि किती वाजेपर्यंत असतं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला एक दिवस आपल्याच गॅलरीत उभं राहावं लागतं. बागेची सुरुवात तिथून होते.

हीच गोष्ट गावागणिक बदलते. नागपूरकडच्या नात्यातल्या बायका उन्हाळी वेल जानेवारी सरता सरताच लावून घेतात. तिथं मेमध्ये पारा 45 अंशांना टेकतो, त्याआधी वेलांनी मांडव धरून दोन-चार तोडे देऊन टाकलेले बरे. कोकणात थंडी अशी फारशी बोचत नाही. भात निघालेल्या खाचरात ओल असेतो वाल, चवळी, लाल माठ, मुळा ही मंडळी सुखानं नांदतात आणि विहिरीच्या कडेला दोडक्याचं आळं कधीही करता येतं. नाशिककडे फेब्रुवारीच्या रात्री अजून कडक असतात, तिथं घाई करून चालत नाही. आणि न्यू जर्सीत राहणारी माझी भाची तर याच दिवसांत खिडकीत दिव्याखाली वाट्यांमधून मिरचीची रोपं वाढवत असते, कारण तिच्या अंगणात एप्रिल संपेपर्यंत, एखाद्या वर्षी मेच्या मध्यापर्यंतही हिम पडायची भीती असते. आम्ही उन्हाच्या आधी गाठायची धडपड करतो, ती थंडी जाण्याची वाट बघते. गवारीचं बी दोघींकडे एकाच पिशवीतलं असतं, सल्ला मात्र एकीचा दुसरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. तिला मी एवढंच सांगू शकते की माती कोमट झाल्याशिवाय गवार बाहेर टाकू नकोस.

काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. कारल्याचं बी हातात घेऊन बघावं. चपटं, कडेला दातेरी, दोन्ही अंगांवर कासवाच्या पाठीसारखी उठावदार नक्षी. कवच असं टणक की नुसतं मातीत टाकलं तर दोन-दोन आठवडे हालचाल नाही, आणि तेवढ्यात मुंग्या किंवा बुरशी त्याचा निकाल लावतात. जाणत्या बायका नेलकटरनं टोकाकडच्या कवचाला हलकी चीर पाडतात. आतला गर दुखावता कामा नये, कवच तेवढं फुटलं पाहिजे. मग रात्रभर कोमट पाण्यात, सकाळी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, आणि डबा फ्रिजच्या माथ्यावर, मागच्या बाजूला, जिथं यंत्राची धग लागते. तीन-चार दिवसांनी फडकं उलगडलं की कवचाच्या फटीतून पांढराशुभ्र मोड डोकावत असतो. तो खाली करून बी टोकायचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, आणि वर माती दाबायची नाही. उलट माठाचं बी इतकं बारीक की चिमटीत किती आलं ते कळत नाही. ते कोरड्या राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून फेकायचं, नाहीतर एका जागी झुंबड आणि बाकी कुंडी रिकामी. धणे चपलेखाली किंवा लाटण्यानं रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरायचे नाहीत. हे सगळं मी कुणाकुणाच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले आहे. वाचून कळलं असतं. पण फडकं किती ओलं ठेवायचं, पिळून किती कोरडं करायचं, ते त्या हातांकडे बघूनच कळतं.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस रोपवाटिकेतून तरतरीत रोपं घरी येतात, दोन-तीन फुटांची होतात, फुलांनी लगडतात, आणि एप्रिल उजाडतो. दिवसाचा पारा अडतीसवर, रात्रही उकाड्याची. अशा हवेत टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही, फुलं देठाशी पिवळी पडून गळतात. माणसं मग खत घालतात, औषध मारतात, पाणी वाढवतात. रोपाचा त्यात काही दोष नसतो. ती कुंडी त्या दिवसांत वांग्याला द्यावी, गवारीला द्यावी, नाहीतर अंबाडीला द्यावी. अंबाडी ऊन मानत नाही आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली तिची भाजी वैशाखात तोंडाला चव आणते. टोमॅटोचं रोप जूनमध्ये करा, असं मी दरवर्षी सांगते.

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. अलीकडे अनेक घरांत प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या आणि रोपं लुटली जातात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. पुडी वर्तमानपत्राच्या तुकड्याची, वर निळ्या शाईनं लिहिलेलं : चवळी, वेलाची, लांब. देणारी तेवढ्यावर थांबत नाही. पुडी हातात ठेवता ठेवता ती सांगते, "अगं, हिला जमिनीवर लोळू देऊ नकोस, सुतळी बांध. आणि मावा आला की घाबरू नकोस, शेंडा पाण्याच्या धारेनं धुऊन काढ." आमच्याकडे आलेलं दोडक्याचं बी राजापूरकडच्या एका काकूंचं आहे. त्यांच्या माजघरात आढ्याच्या खिळ्याला वाळलेले दोडके टांगलेले असत. हलवले की आत बी खुळखुळे. आधीच्या पिढीत काकडी-भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापत, किंवा राखेत घोळवून गाडग्यात भरून ठेवत, म्हणजे भुंगा लागत नसे.

बी असं फुकट मिळतं तेव्हा त्याची किंमत पटकन ध्यानात येत नाही. वेलावरचं चांगलं, सरळ, निरोगी फळ काढायचं नाही, त्याला पुरतं जून होऊन वाळू द्यायचं, यात महिना-दीड महिना जातो. भेंडीच्या एका झाडावर दोन शेंगा बियांसाठी राखल्या की झाड आपला जोर तिकडे वळवतं आणि नवी फुलं कमी येतात. काकडीचंही तेच. म्हणजे बी धरणारी बाई आपल्या ताटातली भाजी सोडते, आणि सोडते ती सर्वांत चांगल्या फळाची, कारण वाकडं, किडकं, उशिरा आलेलं फळ बियाला ठेवायचं नसतं. दुकानातल्या संकरित बियाण्याची पाकिटं मीही आणते, त्यांचं पीक भरघोस येतं हे खरं. पण त्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच झाड मिळत नाही. पुढची पिढी विखुरते, कुणी आजीवर जातं, कुणी पणजीवर. दरवर्षी नवं पाकीट आणावं लागतं. गावरान बियाला ती अट नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या, भाज्यांच्या, भाताच्या जुन्या जाती घराघरांतून गोळा करून जपल्या आणि वाटल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना बीजमाता म्हणतात ते योग्यच आहे. पण मला त्यांच्या कामातलं वाटप जास्त मोलाचं वाटतं. बी नुसतं बरणीत जपून टिकत नाही. वर्षं उलटली की त्याची उगवण घसरत जाते. ते दर दोन-तीन वर्षांनी मातीत जावं लागतं, आणि एका घरात साधलं नाही तर दुसऱ्या घरात साधलेलं असावं लागतं. जपायचं म्हणजे लांबच्या-जवळच्या चार ठिकाणी देऊन ठेवायचं.

गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तोही या अशाच देवाणघेवाणीवर. प्रत्येकानं आपल्या जागेत करून बघावं, नोंद ठेवावी आणि दुसऱ्याला सांगावं. आज गच्चीवर पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून माती करणाऱ्या पुष्कळांना त्यांचं नावही ठाऊक नसेल, पण वाट त्यांच्यासारख्यांनी पाडलेली आहे. गच्चीला ती हलकी, भुसभुशीत माती मानवते. निव्वळ शेतातली काळी माती कुंडीत भरली की उन्हाळ्यात तिची वीट होते, पाणी कडेकडेनं वाहून जातं आणि मुळं मध्ये तहानलेली राहतात.

मार्चमध्ये बोलण्याचा सूर बदलतो. उगवलं का, हे विचारून झालेलं असतं, आता कीड. काकडी-दुधीची पहिली दोन जाड पानं वर आली की लाल भुंगे त्यांची चाळण करतात. सकाळी दवानं पान ओलसर असताना त्यावर चुलीची राख भुरभुरवायची, हा जुना उपाय अजून चालतो. भेंडीवर पांढरी माशी बसते आणि तिच्याबरोबर हळद्या येतो : आधी पानाच्या शिरा पिवळ्या, मग सगळं पान, मग शेंगाही पांढुरक्या. त्यावर औषध नाही. पहिलं झाड दिसलं की उपटायचं, हळहळायचं नाही, आणि पिवळे चिकट सापळे टांगायचे. याच रोगासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात ऐंशीच्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही भेंडी तयार झाली. जंगली भेंडीशी संकर करून तिच्यात रोगाला तोंड देण्याची ताकद आणली होती. पुढे विषाणूही बदलत गेला आणि ती ताकद ओसरली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव अजून आहे. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. भर उन्हात फवारला की पान भाजतं.

आणि पाणी. गच्चीवर पडलेल्या पाइपात साठलेलं पाणी उन्हानं चटका बसेल इतकं तापतं. ते आधी बादलीत सोडायचं, गार यायला लागलं की मग झाडांना. ही सूचना कुणी लिहून ठेवलेली मला दिसली नाही. वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी एकदा माझ्या हातातला पाइप घेऊन करून दाखवली.

एप्रिलच्या तोंडाशी वेल मांडवावर चढलेले असतात, फुलं भरपूर आणि फळ मात्र नाही, असं म्हणत हमखास कुणीतरी दारात येतं. त्यांना वेलापाशी नेऊन मी फूल दाखवते. नुसत्या देठावरचं ते नर. ज्याच्या मागे इवलंसं, केसाळ दुधीचं रूप आधीच तयार असतं ते मादी. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्यात काळजीचं काही नाही. मुख्य वेलाचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि दुधीची मादी फुलं बहुतेक त्या फांद्यांवरच येतात. उंच इमारतींवर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. कारलं आणि काकडी यांची फुलं सकाळी उमलतात, तिथं हे काम सकाळीच करायचं. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल दिवस कलताना उघडतं. त्यांच्यासाठी ऑफिसातून आल्यावर, चहाच्या आधी, गच्चीवर जावं लागतं. कितीतरी शेजाऱ्यांनी सकाळी जाऊन मिटलेली फुलं पाहिली आणि वेलच वांझ ठरवून उपटून टाकला. ते ऐकलं की जीव कळवळतो, म्हणून ही वेळेची गोष्ट मी विचारलं नाही तरी सांगते.

राजापूरच्या काकूंच्या दोडक्याला यंदा टाकीजवळचा मोठा क्रेट दिला आहे. तिथं सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी टाकीची सावली पडते. सुतळीचे ताणे बांधून झाले. दोडका लागला की पहिलं निरोगी फळ वेलावरच राहील, त्याच्या देठाला लाल दोरा बांधेन म्हणजे घरातलं कुणी चुकून कापणार नाही. दोन घरांनी बी आधीच मागून ठेवलं आहे.